प्रवाळ निर्जीव आहे

सोमवार, ५ मे
दोन आठवड्यांनी राजधानी सुवाहून शिक्षणाधिकारी येणार. माझा पाठ बघणार. विषय पाचवीचा, परिसंस्थेतले सजीव आणि निर्जीव घटक. आमच्या हेडमास्तरीण लोसालिनी मॅडम म्हणाल्या, मुलांना किनाऱ्यावर न्या, सगळं तिथेच दिसेल. बाईंची झेप तेवढीच. मुलं जन्मल्यापासून किनाऱ्यावरच आहेत. काय शिकली? मी वर्गातच काचेच्या टाकीत अख्खी परिसंस्था उभी करणार. या बेटावर तीन वर्षं सडलो, आता पुढच्या शाळेची हेडमास्तरकी पक्की.

बुधवार, ७ मे
ओहोटीला किनाऱ्यालगतच्या प्रवाळरांगेवर जाऊन हातोडीने प्रवाळाचा डोक्याएवढा तुकडा काढला. तिथे गावाने मासेमारी बंद ठेवली आहे, म्हणून माल उत्तम. बंदी मासेमारीला, शास्त्राला नाही. टाकीची मांडणी: वाळू, पाणी, प्रवाळ हे निर्जीव. दोन निळे मासे आणि खेकडा हे सजीव. सुबक.

गुरुवार, ८ मे
पाठाची रंगीत तालीम. झकास. विघ्न एकच, सेनिमिली. उभी राहून म्हणते, "मास्तर, प्रवाळ जिवंत असतं. बुबू सांगते." बुबू म्हणजे तिची आजी तराईविनी. जन्मभर जाळं टाकलं, शाळेचं तोंड पाहिलं नाही. मी प्रवाळावर पट्टी आपटून दाखवली. जिवंत असतं तर हललं नसतं? वर्ग हसला. तिलाच हसला असणार. तिच्याकडून फळ्यावर वीस वेळा लिहून घेतलं, प्रवाळ निर्जीव आहे. अक्षर बरं आहे.

सोमवार, १२ मे
दोन दिवस वर्ग बंद होता. आज दार उघडलं आणि तसाच मागे सरलो. काय तो वास! प्रवाळ पांढरंफटक, त्यावर शेंबडासारखा थर, मासे उलटे. कुणीतरी मुद्दाम कुजकं टाकलंय. चौकशी केली. सेनिमिली म्हणाली, मेलं, मास्तर. मी म्हटलं, निर्जीव वस्तू मरत नाही. तर म्हणते, "म्हणूनच." उद्धट कार्टी.

मंगळवार, १३ मे
गावप्रमुखांचं बोलावणं आलं. टाकीची कीर्ती पोचलेली दिसते. उद्या सत्कार. चार पानी भाषण लिहिलं. प्रमुखांकडे जाताना यंगोनाची मुळं, ज्यांचं ते पेय करतात, भेट न्यायची असतातच, पण मॅडम म्हणाल्या, जरा जास्त न्या. म्हणजे सोहळा मोठा.

बुधवार, १४ मे
सत्कार नव्हता.
चटईवर अगदी दाराशी बसवलं. प्रमुख हळू आवाजात बोलले. ओरडले असते तर उत्तर देता आलं असतं. म्हणाले, "मास्तर, आठ वर्षं आम्ही तिथे पाय ठेवला नाही. माझ्या मुलीच्या लग्नालासुद्धा मासे शेजारच्या गावातून आणले. तुम्ही निदान विचारायचं." तराईविनीबाई कोपऱ्यात चटई विणत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, नखाएवढं वाढायला त्याला वर्ष लागतं. भाषण खिशातच राहिलं. मुळं पुढे सरकवून माफी मागितली. घेतली त्यांनी. मग मला यंगोनाचा वाडगा दिला, तो प्यायलो. अडाणी लोकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

रविवार, १८ मे
चर्चमध्ये लोक नेहमीपेक्षा जास्त प्रेमाने बोलले. असह्य. नवीन योजना: टाकी रद्द. फक्त चार्ट. प्रवाळाचा उल्लेखच नाही.

सोमवार, १९ मे
अधिकाऱ्यांनी चार्टकडे ढुंकून पाहिलं नाही. सरळ मुलांना विचारलं, इथल्या निर्जीव गोष्टी सांगा. सेनिमिली उठली. ऊन, वारा, वाळू, पाणी, पाण्यातलं मीठ. मग आपणहून प्रवाळावर गेली. आतला दगड निर्जीव, पण तो बांधणारे बारीक जीव वरच्या सालीत जिवंत असतात, तुकडा तोडून कोंडला की मरतात. अधिकाऱ्यांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मास्तरांच्या टाकीवरून कळलं."
अधिकाऱ्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. शेवटी पद्धत कुणाची? माझीच.

शुक्रवार, २३ मे
पत्र आलं. हेडमास्तरकी यंदा नाही. या सत्रात पाचवीचं शास्त्र आठवड्यातून दोनदा किनाऱ्यावर, तराईविनीबाई शिकवणार. वर्गशिक्षकाने उपस्थित राहावं. आजच पहिला तास. मॅडम म्हणाल्या, चप्पल घालू नका, घसराल. घातली. घसरलो. सेनिमिलीने हात देऊन उठवलं आणि कुठे पाय ठेवायचा ते दाखवलं.
तराईविनीबाईंना शिकवायची पद्धत म्हणून नाही. चार्ट नाही, उद्दिष्टं नाहीत, फळा नाही. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून नुसत्या बोट दाखवत बोलत होत्या.
तीन पानं लिहून घेतली. दोन शब्द राहिले, ते मंगळवारी विचारायला हवेत.