पूर्वजांना कळवून झालं

बीजिंग, सोमवार, १७ मार्च

आदरणीय जिन आजोबांना केफानचा वाकून नमस्कार.

आठ दिवसांपूर्वी, रविवारी, तुम्ही माझा मिठाईचा डबा उचलून उंबऱ्याबाहेर ठेवलात, त्या क्षणी माझं सगळं बदललं. आधी भयंकर राग आला. गल्लीतल्या एका सायकलला लाथ मारली. सायकलचं काही बिघडलं नाही, माझा अंगठा सुजलाय. तुमचा खोकला कसा आहे?

तुमचे शब्द अजून कानात आहेत. "आमच्या घराण्यातले बादशहा जिथे पूर्वजांपुढे गुडघे टेकायचे, तिथे आता घड्याळांचं संग्रहालय केलंय, लोक तिकीट काढून घड्याळातला पक्षी ओरडताना बघतात. आणि त्या पक्ष्याला चावी देणारा पोरगा माझी नात मागतोय!"

आजोबा, तो पक्षी ओरडत नाही, गातो. त्याच्या पोटातला भाता मला घड्याळदुरुस्ती शिकवणाऱ्या बियान उस्तादांनी आणि मी हिवाळाभर खपून नवा बसवलाय. रुओलान मला पहिल्यांदा दिसली तीही त्याच्याच काचेपुढे. हे काम मी सोडणार नाही, ते आत्ताच सांगून टाकतो.

तुम्ही विचारलंत, "कॉलेजचं कितवं वर्ष?" मी चहा पीत राहिलो. कपातला संपला तरी पीत राहिलो. तुमच्या नजरेतून ते सुटलं नसणार.

काल रुओलान भेटली. गुरुवारी एक बँकेतला मुलगा तिला बघायला तुमच्याकडे जेवायला येतोय, तिच्या आईने ठरवलंय म्हणे. मी म्हटलं, पळून जाऊ. ती हसलीसुद्धा नाही.

"आजोबा नाही म्हणाले तर मी येणार नाही. आणि तू त्यांच्यापुढे पुन्हा मुकाट बसलास, तरीही येणार नाही."

तुम्हीच मला सांगितलं होतंत, बादशहाच्या घरात लग्न ठरलं की आधी घड्याळांच्या या महालात येऊन पूर्वजांना कळवायचे. सोमवारी लोकांना आत सोडत नाहीत, आम्ही तेवढी देखभाल करतो. आज सकाळी चावी देण्याआधी मी उत्तरेच्या भिंतीकडे गेलो. पूर्वजांच्या नावांच्या पाट्या असायच्या तिथे आता काचेचं कपाट आहे. त्याच्यापुढे जमिनीला डोकं टेकलं आणि मोठ्याने बोललो, "मी मियाओ केफान, दातोंगच्या बसचालकाचा मुलगा. या घड्याळांपायी आणि रुओलानपायी तिसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं. परत जाणार नाही. तुमच्या घरातल्या मुलीशी लग्न करायचंय."

झालं. जे तुम्हाला सांगता आलं नाही, ते त्यांना सांगून बसलो.

मागे उस्ताद उभे! "आणि नैवेद्य कुठाय रे? बादशहांकडे हात हलवत आलास?"

खिशात भाजी भरलेला एक वाफवलेला पाव होता, तोही अर्धा खाल्लेला. तो काढला नाही.

"रागावले असतील का?" मी विचारलं.

"नाही तर कोणी म्हणालं नाही," उस्ताद म्हणाले. "आता हेच जिवंत माणसापुढे बोलून दाखव. खरी परीक्षा तिथे."

भीती वाटतेय. तरी येतोय. हे पत्र टपालात टाकणार नाही, तुमच्या हातात देईन आणि तुम्ही वाचेपर्यंत अंगणात उभा राहीन. मग यातलं सगळं तोंडाने पुन्हा सांगेन. हाकललंत तर उद्या येईन. परवा येईन. गुरुवारी त्या बँकवाल्याच्या शेजारी बसायची वेळ आली, तरी येईन.

तुमच्या पूर्वजांना कळवून झालंय, आजोबा. आता घरात तुम्हीच तेवढे उरलात.

उस्ताद दिवे मालवताहेत. मीही आता बाहेर पडून दार ओढून घेतो.

तुम्ही ठरवाल त्या नात्याने तुमचा,
मियाओ केफान