आपोआप लागणारे दिवे

३ मार्च, बुधवार
बसवले एकदाचे! दादाच्या मजल्यावरच्या लांबलचक बोळात सहा सेन्सर. माणूस आला की दिवा लागणार, गेला की विझणार. अंधारात बटण चाचपडताना तिथं नेहमी कुणीतरी धडपडतं. आपल्या ज्यू समाजाने चालवलेलं घर; राहणारे सगळेच दादासारखे, कुठलीही गोष्ट समजायला वेळ लागणारे. घराची समिती खूश.

दादा शिडी धरून उभा होता. दर शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत बोळातले दिवे लावायचं काम त्याचं. शनिवारी रात्रीपर्यंत ते तसेच चालू राहायचे.

"आता कोण लावणार?"

"कुणी नाही. आपोआप."

"आपोआप म्हणजे कोण?"

मी हसले. स्क्रू घट्ट केला.

१४ मार्च, रविवार
वॉर्डनबाईंनी बोलावलं. दोन शुक्रवार झाले, संध्याकाळ झाली की दादा बोळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतो. स्वतः जेवायला जात नाही, दुसऱ्यांनाही जाऊ देत नाही. परवा शेजारच्या खोलीतल्या आजोबांना ढकललं — मनगट मोडलं त्यांचं!

"इतका गरीब गाय हो तो! काय शिरलंय अंगात कोण जाणे."

दादाला विचारलं. मान खाली. "चिमे, ते नाही सांगायचं." हट्टी. थेट आईवर गेलाय.

२३ मार्च, मंगळवार
समितीची बैठक. त्याला दुसऱ्या गावच्या घरी हलवायचं म्हणतात. तिथं माणसं जास्त आहेत, लक्ष राहील. माझी हरकत विचारली. नाही म्हटलं. भावनेच्या भरात निर्णय घेऊ नयेत.

२८ मार्च, रविवार
सोडून आले. रडला नाही. मीही नाही.

२ एप्रिल, शुक्रवार
त्याचे उरलेले कपडे आणायला गेले. दिवस मावळला होता. बोळात शिरले — डोक्यावर दिवा लागला. दोन पावलं पुढे — पुढचा दिवा. आणि आज शुक्रवार.

आई म्हणायची, "शुक्रवार मावळला की शब्बाथ. शनिवारी रात्रीपर्यंत दिवा लावायचा नाही, लावलेला विझवायचा नाही." ती गेल्यापासून मी पाळलं नाही. दादाने पाळलं. आणि माझे सेन्सर लागलेल्या बोळात चालणं म्हणजेच दिवा लावणं! वॉर्डनबाई आपल्यातल्या नाहीत, त्यांना कसं कळावं? समितीच्या लक्षात आलं नाही. पण मी? सर्किट मी आखलं होतं. 'आपोआप म्हणजे कोण' — इतकं साधं विचारलं होतं त्याने.

त्याला परत आणू का, वॉर्डनबाईंना विचारलं.

"खोली कालच दुसऱ्याला दिली हो, ताई."

४ एप्रिल, रविवार
दादाला भेटले. सेन्सर काढते म्हटलं. "बरं होईल," म्हणाला.

"तू खोलीतच बसायचंस ना! बाकीच्यांना का अडवलंस?"

"दिवे तू बसवलेस. बाकीचे बोळातून चालले असते तर पाप तुला लागलं असतं. आणि सांगितलं असतं तर सगळे तुलाच ओरडले असते. आई म्हणाली होती, चिमीला सांभाळ."