कोरड्या विहिरीचा पंचनामा

ता. गेवराई, जि. बीड
मंगळवार, १८ जून २०१९

प्रिय राधाकिशन,

तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. चौथ्यांदा केला नाही. फोनवर काय बोलावं आणि काय बोलू नये, हे आपण दोघं नोकरीत पुरतं शिकलोय. म्हणून हा कागद. अकरा वर्षं तू माझा रायटर होतास. मी तोंडानं सांगायचो, तू लिहायचास. त्यामुळे माझं अक्षर तुझ्या नजरेखालून फारसं गेलेलं नाही. गिचमिड आहे, सांभाळून घे.

आधी हसण्यासारखं सांगतो. तुझा फौजदार सरपंचपदाला उभा आहे आणि निवडणूकवाल्यांनी चिन्ह दिलंय शिट्टी. विमल म्हणाली, जन्मभर शिट्टी वाजवून पोट भरलं, आता म्हातारपणी गावभर वाजवत हिंडा. तुला वाटेल, या वयात ही खाज कसली. गावात दोन टँकर येतात, ते दोन्ही आधी सुंदररावाच्या विहिरीत रिकामे होतात आणि मग त्याची मर्जी असेल त्याला पाणी मिळतं. सोसायटीचा चेअरमन अजून तोच. चारा छावणी सोसायटीची, म्हणजे त्याचीच. कुणाच्या जनावराला दावण मिळायची, हे तो ठरवतो. वस्तीवरची माणसं माझ्या ओट्यावर आली आणि म्हणाली, साहेब, तो फक्त तुम्हालाच भितो. खरं सांगू? ते ऐकून मला बरं वाटलं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, एवढ्या दिवसांत मला कुणी भ्यालं नव्हतं. त्या बरं वाटण्यातच मी अर्ज भरला.

अर्ज मागे घ्यायची मुदत संपायला तीन दिवस असताना सुंदरराव घरी आला. एकटा, चालत. विमलच्या हातचा चहा घेतला, छावणीत बांधलेल्या माझ्या गुरांची चौकशी केली, आपल्या गुडघ्यांचं दुखणं सांगितलं. निवडणुकीचा शब्द नाही. उठताना चप्पल पायात सरकवत म्हणाला, "फौजदार, तुमच्या सहीचा एक कागद हाय आमच्याकडं. लई जपून ठिवलाय. गाव बिनविरोध झालं तर ठिवलेलाच बरा, न्हाई का?" आणि खिशातून त्याची झेरॉक्स काढून माझ्या हातात दिली.

आसारामचा मरणोत्तर पंचनामा. मे दोन हजार चारचा.

तुझ्या अक्षरात होता, म्हणजे मोत्याचे दाणे. वाचला आणि तो दिवस आख्खा उभा राहिला. त्या वर्षीही असाच दुष्काळ होता. आसाराम सोसायटीच्या निवडणुकीत सुंदररावाच्या पॅनलविरुद्ध उभा होता, मतदानाला चार दिवस होते. सकाळी सुंदरराव ठाण्यात आला आणि ठाण्याच्या जीपमध्ये आपल्याबरोबरच गावाकडे निघाला. वाटेत म्हणाला, आसारामचा पाय घसरला हो विहिरीत. जीपमध्ये आपण तिघंच होतो, गाडी मी चालवत होतो. गावात पोचलो तेव्हा आसारामची बायको रुक्मिणीबाई त्याला रानोमाळ हुडकत होती. विहिरीत अजून कुणी डोकावलंसुद्धा नव्हतं. हे तुझ्याही ध्यानात आलं होतं, मी तुझ्याकडे बघितलं तेव्हा तू मान खाली घातलीस.

डोक्याच्या मागं जखम होती. पाय घसरलेल्याला तशी होत नाही, हे मला त्या दिवशीही कळत होतं. पण वरून फोन आला होता, माझी बदली तोंडावर होती, पोरीचं लग्न ठरलं होतं. कारणं काय, हवी तेवढी सापडतात. मी काठावर उभा राहून नेहमीचं वाक्य सांगितलं, शेकडो वेळा सांगितलेलं: पाय घसरून विहिरीत पडून पाण्यात बुडून मयत. तू पेन उचलून विचारलंस, "साहेब, पाणी?" मी म्हणालो, "लिही." तू लिहिलंस. आसारामला वर काढायला दोघं दोराने खाली उतरले होते, त्यांच्या पायाला चिखलसुद्धा लागला नव्हता. ज्या गावाला प्यायला टँकर येत होता, त्या गावच्या विहिरीत आपण माणूस बुडवला. आणि पंचांपासून वरिष्ठांपर्यंत सगळ्यांनी त्याच्याखाली सह्या केल्या.

माझी झोप गेली, ती अब्रू जाईल म्हणून. खोटं कशाला बोलू. दोन दिवस अर्ज मागे घ्यावा असंच मनात होतं. शेवटी तिसरंच केलं, रुक्मिणीबाईच्या घरी गेलो. आसाराम गेल्यापासून ती दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला जाते. आता पाठीत वाकली आहे. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ती ज्वारी निवडत होती, हात थांबला नाही. म्हणाली, "हीर कोरडी हुती, हे मला त्याच दिवशी म्हाईत हुतं. तुमाला कधी म्हाईत हुतंय, त्याची वाट बघत हुते." मला बसा म्हणाली नाही. रडलीही नाही. रडली असती तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं. म्हणूनच ती रडली नसावी.

मी अर्ज मागे घेतला नाही. त्या दिवसापासून गाव बदललंय. ज्यांनी मला उभं केलं ते आता माझा ओटा चुकवून जातात. बंकट, ज्याची गाडी मी कुठेही जायला सांगायचो, तो म्हणतो गाडी बिघडली आहे, आणि तीच गाडी मला छावणीत दिसते. तलवाड्याच्या फाट्यावर दोन अनोळखी पोरं मोटारसायकल लावून बसतात, नंबरपट्टीवर माती थापलेली. आमचं कुत्रं शनिवारी मेलं. काल एक बाई विमलला पाण्याच्या रांगेत सहज विचारून गेली, साहेब सकाळी फिरायला कोणत्या अंगानं जातात. आपणही माणसं उचलायच्या आधी हेच विचारायचो, राधाकिशन. सहज.

आता तुला पत्र का लिहिलं ते सांगतो. झेरॉक्सच्या कडेला कार्बनचा डाग होता. ठाण्यातल्या मूळ कागदावर तो नाही. प्रत्येक कागदाची कार्बन प्रत घरी पत्र्याच्या पेटीत ठेवायची सवय एकट्या तुझी. कशासाठी दिलीस ते विचारत नाही, नातवाच्या नोकरीचं तुझं अडलं होतं असं कानावर आलं होतं. मला राग आला होता, दोन दिवस तुला शिव्या घातल्या, मग ओसरला. वाक्य माझं होतं, तू फक्त लिहिलंस. पण काल मी बीडला पोलीस अधीक्षकांच्या कचेरीत जाऊन प्रतिज्ञापत्र दिलं. विहीर कोरडी होती, जखम कुठे होती, सुंदरराव जीपमध्ये काय बोलला, सगळं. ते ऐकणारा दुसरा कोण, असं विचारल्यावर तुझं पूर्ण नाव आणि लातूरचा पत्ता लिहून दिला. तुला न विचारता. तू माझा कागद दिलास, मी तुझं नाव दिलं. दोन-चार दिवसांत सुंदररावाला हे कळेल. माझ्या एकट्याच्या शब्दाला निवडणुकीतलं वैर म्हणतील. तू हो म्हणालास तरच ते टिकेल, आणि हे त्याला माझ्याइतकंच समजतं. पत्र मिळताच सुनेला, पोरांना घेऊन निघ, कुठे ते मलाही कळवू नकोस. आणि माझ्या नावानं, साहेबांनी तातडीनं बोलावलंय म्हणून कुणी गाडी घेऊन दारात आला, अगदी ओळखीचा असला, तरी बसू नकोस. मी कुणालाही पाठवणार नाही.

तुझाच,
उत्तरेश्वर