पथारीवरची एकच खुर्ची

नंदुरबार, मंगळवार संध्याकाळ

गटप्रमुखांच्या प्रशिक्षणात मी नेहमी सांगते, बायकांनी मनापासून काम करावं असं वाटत असेल तर खुर्ची सोडा, त्यांच्यात बसा. सुनंदाने ते मनावर घेतलं. तिचा गट दिवाळीत मोडायला आला होता. आज मिरची वाळवायच्या पथारीवर गेले, तर ती सगळ्यांच्या मधे बसून देठ खुडत होती.

"जवयपासून ताई खाले बठाले लागनी, आम्हले पळाले जागाच नही ऱ्हायनी," शेजारची म्हणाली. सगळ्या हसल्या, सुनंदासुद्धा.

मग डबे उघडले. मी खाली टेकणार, तोच सुनंदाने तिथली एकुलती एक खुर्ची पदराने पुसून पुढे केली. "तुम्ही वर बठा मॅडम. साडी लाल व्हई जाई."

बसले. नको म्हणता आलं असतं ना? पण पदराने पुसलेली खुर्ची, कशी नाकारणार? एकीची भाकरी दुसरीच्या डब्यात जात होती. मला वेगळं ताट आलं, भरलेलं. वरून सगळं छान दिसत होतं.

आता घरी मुद्दाम जमिनीवर बसून जेवले. एकटीच. मघाशी साडी बदलताना उलटसुलट करून पाहिली. मिरचीचा एकही डाग नाही.