डिकी माझ्याकडे

३१ मे, इंगोलश्टाट

ठरलं. आजपासून तोंड बंद ठेवायचं आणि काम दाखवायचं.

कारण असं. माझी सून धम्मदीपा सप्टेंबरपासून फुल टाइम कामावर जाणार. नात अन्वी दुपारी शाळेतून येते. मग कोण बघणार, असं माझा सुगत आणि ती किचनमध्ये बोलत होते. मी तिथेच कांदे चिरत होते. कोण म्हणजे काय? मी आहे ना. आजी असते कशाला?

पण उघड कोणी बोललं नाही, कारण विहीणबाई येऊन बसल्यात. धम्मदीपाची मम्मी, नलिनीबाई. हेडमास्तरीण होत्या. रिटायर झाल्या, पण कोणी त्यांना सांगितलेलं दिसत नाही. मी सातवी शिकलेली. पण पोरगं इंजिनियर मीच केलंय.

अकोल्याला ह्यांना फोन लावला. म्हणाले, अगं, तुमचा दोघींचा व्हिसा तीन महिन्यांचा आहे. म्हटलं, सुगत बोलेल व्हिसावाल्यांशी. ह्यांचा जन्म एसटी डेपोत गेला, ह्यांना काय कळतंय व्हिसातलं.

२ जून

पोरीच्या सुट्टीत गाडीनं इटलीला जायचं म्हणे. मोठं तळं आहे. मध्ये ऑस्ट्रिया लागतं. पाचही जण.

ही परीक्षा आहे, मी ओळखलं. प्रवासात कोण उपयोगाचं आणि कोण नुसतं खिडकीतून वा वा करणारं, ते सुगतला दिसणारच. लगेच सांगून टाकलं, डिकी मी भरणार. सुगत म्हणाला, बरं. विहीणबाई म्हणाल्या, मी मदत करते. म्हटलं तुम्ही बसा, तुमची कंबर. कंबर त्यांची ठणठणीत आहे.

५ जून

डिकी उघडली. भंगार. इंजिनियर माणसाच्या गाडीत एवढं भंगार.

एका लांब डब्यात लाल प्लास्टिकचा तिकोन. पिवळ्या बंड्या, आपल्याकडे रस्ता झाडणारे घालतात तसल्या. आणि एक चेनची पिशवी, वर क्रॉस. आत पट्ट्या, कात्री, हातमोजे, पांढरं फडकं. सगळं पॅकबंद. कोणी कधी हात लावलेला नाही, म्हणजे नकोच आहे.

अन्वी मागे येऊन उभी. पोरीला मराठी सगळं कळतं, बोलते जर्मन. 'आजी, दास इस्ट फ्लिश्ट,' म्हणाली. विहीणबाई बाल्कनीतून वाकून मराठीत सांगायला लागल्या. सक्तीचं आहे म्हणते ती, राहू द्या हो, अपघात झाला तर लागतं, ऑस्ट्रियात पोलीस विचारतात.

मी कदाचित ठेवलंही असतं. त्या म्हणाल्या म्हणून काढलं.

तिकोन खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, बटाट्यांच्या मागे.

८ जून

पिशवीतलं फडकंही तिकोनीच निघालं. नवंकोरं, मऊ सूत. त्यात मटकी बांधून ठेवली. असे मोड या देशात आल्यापासून पाहिले नव्हते. चांगली वस्तू हे लोक कशात गुंडाळून ठेवतात बघा.

पट्ट्या काढून बाथरूमच्या कपाटात टाकल्या. पिशवीत ठेचा, जवसाची चटणी, लसणाची चटणी. चेन अशी घट्ट लागते की वास बाहेर नाही. बंड्या कुकरला आणि लोणच्याच्या बरणीला गुंडाळल्या. खडखड बंद.

सुगतनं कामावरून आल्यावर विचारलं, आई, गाडीत सगळं आहे ना? म्हटलं, सगळं. खोटं नाही बोलले. लागणारं सगळं आहे.

१४ जून, सकाळ

निघालो. विहीणबाईंनी गाडीत खायला काय आणलं? बिस्किटं. माझ्याकडे निम्मं अकोला आहे. निकाल लागल्यात जमा.

१४ जून, दुपार

पेट्रोल पंपाच्या बाकावर बसून लिहितेय. बाकीचे माझ्याशी बोलत नाहीत, तेवढीच शांतता.

ऑस्ट्रिया लागलं आणि थोडं पुढे एका पोलिसानं हात केला. कागद बघितले. काचेवरचा टोलचा स्टिकर बघितला. मग म्हणाला, तिकोन, बंडी, औषधाची पिशवी दाखवा. सुगत हसत हसत उतरला. आमच्याकडे असतंच, असा हसला.

मीही उतरले, कारण डिकी माझी. पोलिसाला जयभीम केला. त्यानं मान हलवली. चांगल्या घरचा वाटला. पण लगेच ओरडला. रस्त्यावर असं फिरायचं नाही, बंडी घाला म्हणे. बंडी कुकरला होती. सुगतनं सोडवली. दुसरी बरणीची, तेल प्यायलेली. ती पोलिसानं दोन बोटांत धरली आणि खाली ठेवली.

तिकोन नाही म्हटल्यावर त्यानं लिहायला घेतलं. मग पिशवीची चेन उघडली. वाकला. आधी शिंकला, मग लांब जाऊन परत शिंकला. ठेचा असाच लागतो, नवीन माणसाला.

सुगतनं पिशवी उलटीपालटी केली.

'आई, पट्ट्या कुठे आहेत?'

म्हटलं, कात्री आहे की. कोथिंबिरीला ठेवलीय.

'कोणाला लागलं असतं तर?'

'कोणाला लागलंय?' मी विचारलं. कोणाला खरचटलं तरी होतं का? नाही. पण सुगतनं तोंड असं केलं जसं मीच कोणाला पाडलं.

पोलिसानं दंड तिथेच भरायला लावला. वर म्हणाला, पंपावर नवं सामान घेतल्याशिवाय पुढे सोडणार नाही. मग त्याची गाडी आमच्या मागे मागे पंपापर्यंत. अकोल्यात मंत्र्याला अशी गाडी देतात. हे मी बोलूनही दाखवलं. कोणी हसलं नाही.

आणि आता खरी गोष्ट. गाडीत विहीणबाईंनी काय म्हणावं? 'सुगतराव, त्यांना बोलू नका, माझीच चूक. मीच म्हटलं होतं, डिकीत जागा करा.'

धडधडीत खोटं. आणि हेडमास्तरीण. मी डाव लगेच ओळखला. सगळ्यांसमोर दोष स्वतःकडे ओढायचा आणि मोठं व्हायचं, आणि मी जन्मभर यांच्या उपकाराखाली. म्हटलं, तुमचा काही संबंध नाही, मी काढलं. त्या म्हणाल्या, नाही, माझ्यामुळे. म्हटलं, तुम्ही तर ठेवा म्हणत होतात. त्या म्हणाल्या, मी नीट सांगायला हवं होतं. पंप येईपर्यंत आमचं हेच. दोष एक आणि दोघींनाही हवा. शेवटी धम्मदीपा म्हणाली, मम्मी, आई, प्लीज.

मी जिंकले. सुगतला कळलं की मीच केलंय.

१६ जून, तळ्यावर

तळं आहे. पाणी आहे. बघून झालं.

नवी औषधाची पिशवी सुगतनं विहीणबाईंच्या ताब्यात दिली. त्या ती मांडीवर घेऊन बसतात, पर्स असल्यासारखी. आज अन्वीचा अंगठा दगडावर ठेचला, रक्त आलं. मी हळद घेऊन धावले. विहीणबाईंनी तोपर्यंत पट्टी फाडलेली. अन्वी मला 'नाइन, आजी' म्हणाली, म्हणजे नको, आणि पाय त्यांच्याकडे केला.

एका पट्टीवरून पोरीचं मन कळत नाही. पोटात भूक लागली की कळतं. रात्रीची मटकीची उसळ तिनं चाखली नाही. पिझ्झा खाल्ला. पाणी बाधलं असणार.

२१ जून, इंगोलश्टाट

परत आलो. हरले असं कोणाला वाटत असेल तर वाटू दे. आजपासून कायदा शिकायचा. सुगतकडून मोबाईलवर वाचून घेतलं आणि पाठ केलं. ऑस्ट्रियात तिकोन, बंडी आणि औषधाची पिशवी. इटलीत बंडी घातल्याशिवाय रस्त्यावर उतरायचं नाही. इतकं सोपं होतं तर विहीणबाईंनी त्याचा एवढा बाऊ का केला?

आता या बाबतीत माझा हात धरणारं घरात कोणी नाही.

२४ जून

खालचा शेजारी सुट्टीला निघाला होता, डिकी उघडी. उपकार करायला गेले. खुणेनं विचारलं, तिकोन कुठाय? त्याला कळेना. मग मीच सुटकेस जरा सरकवून बघायला लागले. तो लाल झाला. डिकी आपटली. संध्याकाळी त्याचा सुगतला फोन. सुगत आल्झो, आल्झो, म्हणजे आपलं 'त्याचं काय आहे', करत माफी मागत होता.

याच माणसाला ऑस्ट्रियात धरतील तेव्हा माझी आठवण येईल.

२८ जून

आता वाट बघणं बस. जेवताना सरळ बोलायचं ठरवलं होतं, बोलले. म्हटलं, सप्टेंबरची काळजी करू नका, अन्वीसाठी मी थांबते. अकोल्याला ह्यांची ह्यांना भाकर करून खाता येईल.

घास गिळायच्या आत विहीणबाई म्हणाल्या, मीही थांबायला तयारच आहे, मी तर अभ्यासही घेईन.

आम्ही दोघी सुगतकडे बघतोय. सुगत धम्मदीपाकडे. तिनं चमचा खाली ठेवला. 'अहो आई, अन्वीला हॉर्टमध्ये जागा मिळालीय. मार्चमध्येच.' हॉर्ट म्हणजे शाळा सुटल्यावर पोरं तिथेच थांबतात, तिथेच खेळतात, अभ्यासही तेच घेतात. मार्चमध्ये मी अकोल्यात होते. विहीणबाई पुण्यात.

मग त्या दिवशी किचनमध्ये काय चाललं होतं? तर संध्याकाळी पोरीला तिथून आणायला कोण जाणार, सुगत का धम्मदीपा. बस. एवढंच.

अन्वी जर्मनमध्ये काहीतरी बोलली आणि हसली. तिच्या दोन्ही मैत्रिणी तिथेच आहेत, सुनेनं सांगितलं, ती सप्टेंबरची वाटच बघतेय.

विहीणबाईंनी भात कालवला आणि तसाच ठेवला. मी निदान संपवला.

जुलैमध्ये व्हिसा संपतो त्याच्या आधीची तिकिटं सुगतनं काढून ठेवलीत. विहीणबाईंचं आणि माझं. एकच विमान, शेजारी शेजारी बसायचं, म्युनिकपासून मुंबईपर्यंत.

'तेवढीच तुम्हाला एकमेकींची सोबत, आई,' म्हणाला.