वायर म्हणजे वायर

११ नोव्हेंबर २०२१, राळेगाव
घेतलं एकदाचं! आमच्या घरी इंटरनेट येणार! बोंडअळीनं कापूस खाल्ला, कापूस नाही म्हणून जिनिंग बंद, जिनिंग बंद म्हणून माझी तिथली हिशेबाची खुर्ची गेली. आता नागपूरच्या एका विमा ऑफिसात फोनवर बोलायचं काम निघालं आहे. मुलाखत घरूनच, पण अट एक — मोबाईल चालणार नाही, कॉम्प्युटरले वायर लागली पाहिजे. निवड झाली तर आधी तीन महिने नागपूरले राहून शिकायचं.

नवऱ्याले जेवताना सांगितलं. भीमराज म्हणाले, "वा! कर ना." अन् अर्धी भाकर ताटात ठेवून उठले. भूक नव्हती म्हणे.

१३ नोव्हेंबर
कनेक्शनवाल्या फिरोजनं इंटरनेटचा डबा पुढच्या खोलीत बसवला. पुढची खोली म्हणजे भीमराजचं मोटार वाइंडिंगचं दुकान. दिवसभर हातोडी, अन् विहिरीवरच्या जळक्या मोटारींचा वास. तिथं बसून बोलली तर विमा सोडून मोटारच विकावी लागेल! म्हणून वायर मागच्या खोलीत न्यायची ठरली. फिरोज टाकून देत होता. पण आमचे साहेब मधात — "तुले कायले तरास? घरचा माणूस आहे न!"

घरच्या माणसानं दुकानातले जुने तीन तुकडे काढले, पीळ मारला, काळी टेप गुंडाळली. झालं म्हणे.

१५ नोव्हेंबर
डब्यापाशी स्पीड शंभर. माझ्यापाशी तीन. बाकीची सत्त्याण्णव वाटेत चहा प्यायले उतरत असंल!

१६ नोव्हेंबर
फिरोजले बोलावलं. टेप पाहून त्यानं कपाळाले हात लावला. "भाभी, हिच्यात आठ तारा असतात, जोडीजोडीनं पिळलेल्या. तो पीळ सुटला की स्पीड गेली. अख्खी तांब्याची घ्या. मधात सांधा नको."

भीमराज हसले. "वायर म्हणजे वायर. करंट जाते तर इंटरनेट काहून नाही जाणार? त्याले काय लाज वाटते?"

धन्य हो! अख्ख्या तालुक्याच्या मोटारी याच हातात आहेत.

१९ नोव्हेंबर
म्हटलं, मीच यवतमाळहून वायर आणतो. "तू कायले तकलीफ घेतं? मले यवतमाळजवळ लोहाऱ्याले जायचंच आहे." संध्याकाळी साहेब निळी चकचकीत वायर घेऊन हजर. फिरोजनं टोक सोलून दाखवलं — आतून अल्युमिनियम, वरून तांब्याचा नुसता मुलामा. वर ती पुरली पण नाही! दाराजवळ पुन्हा सांधा, पुन्हा टेप. ज्या घरात जन्मले त्या घराचं माप माहीत नाही या माणसाले.

२२ नोव्हेंबर
स्पीड नऊ. पेढे वाटू का?

२५ नोव्हेंबर
मुलाखत झाली. म्हणजे नाहीच झाली. "माझं नाव सत्यशी —" अन् तिथंच मी पडद्यावर गोठली, तोंड उघडं. नागपूरची बाई म्हणे, "मॅडम, तुमचा आवाज तुटून राह्यला." तुटंल नाही तर काय, बाई, टेपमधून येऊन राह्यला तो! सोमवारी आखरी मोका देते म्हणाली. मग नाही.

बाथरूममधे जाऊन रडली. बाहेर आली तर भीमराजनं चहा करून ठेवला होता, आलं टाकून. "जाऊ दे, नशीब. आपल्याले काय कमी आहे?" किती मायेनं बोलले! मलेच वाटलं, उगाच बोलतो मी यायले. हुशार नाहीत, पण मन चांगलं आहे.

२८ नोव्हेंबर
दह्याचं विरजण मागाले शेजारी जोहराबीकडे गेली. भिंतीवर वायर — सरळ, एकसारखी, टेपचं नाव नाही. म्हटलं, "फिरोजनं टाकली?"

"नाही वो सत्यशीला, तुह्या भीमराजभाऊनं. दसऱ्याच्या टायमाले. माहे घरवाले, रहमत, म्हणत होते, घरात दोन तुकडे पडले आहेत, तेच जोड. तर भाऊ भडकलेच! म्हणे, या वायरले सांधा चालत नाही, स्पीड मरते. सोता यवतमाळहून अख्खी तांब्याची आणली."

विरजण तिथंच राह्यलं.

उद्याची मुलाखत मी जोहराबीच्या घरून देणार. भीमराजले सांगितलं नाही.

इतके दिवस बावळट म्हणून हसली मी यायले. बावळटच असते तर बरं झालं असतं.