वेनिंगचा खरा वार

मी, गुनार्तो, वय एकोणसाठ, धंदा सॉफ्टवेअर लिहिणे, राहणार कोटागेडे, योग्यकर्ता, जावा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. अक्कल शाबूत आहे. मूत्रपिंडं गेली आहेत, पण सही त्यांची लागत नाही. कोणाचा दबाव नाही. मजकूर शाईने कागदावर लिहिला आहे, कारण यंत्रात काय काय हरवतं ते तेहतीस वर्षं पाहिलं आहे.

कलम १. राहते घर, मागच्या रंबुतानच्या झाडासह, माझी धाकटी बहीण वेनिंग हिला मिळावे. घर आईचं, राबणूक वेनिंगची. माझा त्यात एक पंखा आहे, तोही खडखडतो.

कलम २. चालू संगणक शेजारच्या शाळेला द्यावा. पासवर्ड तांदळाच्या डब्याखालच्या वहीत आहेत. कागदावर पासवर्ड लिहू नका, असं जन्मभर लोकांना बजावलं. खुशाल लिहा. मेलेल्याच्या अंगठ्याने फोन उघडत नाही.

कलम ३. बोलणारा फ्रीज हेंड्रोला द्यावा. हेंड्रो माझा जुना साहेब. दोन ओळींत सांगता येईल अशा कामासाठी त्याने अकरा वर्षं रोज सकाळी आम्हाला उभं करून बैठका घेतल्या. हा फ्रीजही नवी आवृत्ती उतरवून घेतल्याशिवाय बर्फ करत नाही. दोघांचं चांगलं जमेल.

कलम ४. माझ्या मागे कोणी सल्ला विचारला तर सांगावं: चालतंय त्याला हात लावू नये. नव्याचे नऊ दिवस आमच्या धंद्यात तीनच असतात. दर तीन वर्षांनी सगळं नव्याने शिकलो आणि माणसांना हवं होतं तेच, जुनंच. थकलो बाबा.

कलम ५. हे लिहायला तीन कागद फाडले.

१९९६ साली ऑफिसच्या संगणकावर मी वेतोन काढणारा प्रोग्राम लिहिला. वेतोन म्हणजे जन्माचा वार आणि त्या दिवशी आमच्या पाच बाजारदिवसांपैकी कोणता होता, ते. लग्न जुळवताना आमच्याकडे आधी तोच बघतात. वेनिंगसाठी तेव्हा लिलिक मास्तरचं स्थळ आलं होतं. स्थळ कसलं, दोघांनी आपसात ठरवूनच टाकलं होतं. मी वेनिंगची जन्मतारीख यंत्रात घातली: ३१ जानेवारी १९७२. उत्तर आलं, सोमवार, बाजारदिवस वगे. लिलिक पाहिंगचा. वगे आणि पाहिंग एका घरात नांदत नाहीत, हे आमच्यात लहान पोरही सांगेल.

गल्लीतले कार्तो आजोबा बोटांवर वेतोन मोजायचे. ते म्हणाले, "अरे पोरा, ही पोर संध्याकाळच्या अजानीनंतरची ना? परत बघ."

मी हसलो. "आजोबा, बोटं चुकतात, यंत्र चुकत नाही."

आईने यंत्राचं ऐकलं. वेनिंग एवढंच म्हणाली, "दादा, तू नीट बघितलंस ना?" मी हो म्हणालो. मी बघितलं नव्हतं.

जावामध्ये दिवस सूर्य मावळला की बदलतो. माझं यंत्र मध्यरात्रीची वाट बघत होतं. वेनिंगचा खरा वार मंगळवार, क्लिवोन. क्लिवोन आणि पाहिंगला कोणाची हरकत नव्हती.

सात वर्षांनी, माझा प्रोग्राम वापरणाऱ्या सोलो शहरातल्या एका बाईचं पत्र आलं, तेव्हा मला ही चूक कळली. एका ओळीत दुरुस्त केली आणि नोंद लिहिली, 'किरकोळ सुधारणा'. तोवर लिलिकचं लग्न झालं होतं, वेनिंगने कोणाशीच केलं नव्हतं. मी तोंड शिवून बसलो. लाज वाटते.

लिलिकची बायको जाऊन चार वर्षं झाली. दर सोमवारी तो माझ्याशी बुद्धिबळ खेळायला येतो. वेनिंग चहा ठेवून आत जाते. दोघंही समजतात, नशिबात नव्हतं. नशिबाचा काही दोष नव्हता, मीच होतो.

हे कलम माझ्या मरणाची वाट न बघता वाचलं जावं, म्हणून साक्षीला लिलिकलाच बोलावलं आहे. तो मास्तर आहे, वाचल्याशिवाय सही करत नाही.

साक्षीदार पहिला: सुहार्जो, गल्लीप्रमुख. सही केली.

साक्षीदार दुसरा: लिलिक, निवृत्त शिक्षक. सही नाही. खुलासा असा: त्याने पाचवं कलम दोनदा वाचलं. चष्मा काढला. म्हणाला, "बावीस वर्षं गप्प बसलास, गाढवा?" कागद घेऊन तो स्वयंपाकघरात गेला. "वेनिंग, गॅस बंद कर. बस जरा," एवढं ऐकू आलं. मग वेनिंगचं रडणं, आणि मग, अल्लाची शप्पथ, तिचं हसू. कागद तिनेच बाहेर आणून माझ्यापुढे टाकला. माझ्याकडे बघितलं नाही. पुन्हा आत गेली.

सुहार्जो म्हणतात, "दुसऱ्या सहीशिवाय हा कागद चालायचा नाही." नाही चालला तरी चालेल. आत जाऊन सही मागायची माझी छाती नाही.

ठिकाण: कोटागेडे, ओसरी. भिंतीवरच्या कॅलेंडरात सोमवार, २९ सप्टेंबर २०२५, वगे. पण संध्याकाळची अजान आत्ताच झाली. म्हणून तारीख लिहितो: मंगळवार, क्लिवोन. वेनिंगचा वार.

(सही) गुनार्तो